साका कळेपर्यंत

मुकादमांच्या घरात पाहुण्यासमोर आंबा कापत नसत. आंबा मागच्या पडवीत कापला जाई, आणि तो अहमद मुकादम स्वतः कापत. देठाकडून सुरी घालायची, बाठ्याला लावून खाली आणायची, फाक उघडून उजेडाकडे धरायची. आत साका दिसला की तो आंबा गुरांच्या टोपलीत जाई आणि दुसरा हातात येई. बाहेर ओटीवर बसलेल्या पाहुण्याला वाटे, काय हे अगत्य, मालक स्वतः उठून आत गेले. आत किती आंबे टोपलीत गेले ते त्याला कधी कळत नसे.

साका म्हणजे काय ते घाटावरच्या माणसाला समजावून सांगावे लागते. हापूस बाहेरून केशरी, वासाला चोख, हाताला हवा तेवढा मऊ. आत मात्र बाठ्याजवळचा गर पांढुरका आणि भुसभुशीत, भिजलेल्या काथ्यासारखा, चवीला आंबट. सालीवर डाग नाही, कीड नाही, किडीचे छिद्र नाही. कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर कळून उपयोग नाही.

इशरत या पडवीत वाढली. बापाच्या हातातली फाक उजेडाकडे जाताना तिने इतक्यांदा पाहिली होती की नवीन माणूस भेटला तरी तिला आधी वाटे, याच्या बाठ्याजवळ काय असेल. ती कमी बोले. लोक म्हणत पोर शांत आहे. मासूमा फुफी म्हणे, "शांत कसली, पारख करत बसते."

फुफी अहमद मुकादमांची विधवा बहीण. इशरतची आई गेल्यापासून घर तिच्याच हातात होते आणि जिभेवरही.

इशरत मॅट्रिक झाली तेव्हा पुढे शिकवायचे की नाही यावर ओटीवर बैठक बसली होती. पावस गावातल्या मुसलमानांच्या घरातून कॉलेजात गेलेली मुलगी तोवर कुणी पाहिली नव्हती. नात्यातले एक वडीलधारे हसत म्हणाले, "शिकून काय करणार गो? आंब्यात साका का धरतो ते तरी सांगशील काय?"

इशरत म्हणाली, "शिकले तर सांगेन."

सगळे हसले. अहमद मुकादमही हसले, आणि हसता हसता सगळ्यांसमोर बोलून गेले, "बरं तर. साका का धरतो ते कळेपर्यंत शीक. कळला की घरी."

चारचौघांत बोललेला शब्द मुकादम मागे घेत नसत. त्या शब्दावर इशरत रत्नागिरीला, राजिवड्यात मावशीकडे राहिली आणि फर्स्ट इयर सायन्स पास झाली.

आता छप्पन सालचा मे महिना होता. जूनमध्ये कॉलेज उघडले की तिला इंटरसाठी गट निवडायचा होता. ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. दोन्ही एकदम घेता येत नसत. ए घेतला की इंजिनिअर, बी घेतला की डॉक्टर, असे सगळे धरून चालत. फुफीने तर पावसपासून भाट्यापर्यंत सांगून ठेवले होते की आमची इशरत डॉक्टरीण होणार.

इशरतला दोन्हीपैकी काही व्हायचे नव्हते. तिला साका हवा होता, आणि तो कोणत्या गटात बसतो ते तिला कळत नव्हते. तिने पदार्थविज्ञानाच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "हा उष्णतेचा प्रश्न दिसतो. ए घे. जीवशास्त्र म्हणजे नावे पाठ करणे." मग तिने जीवशास्त्राच्या कोतवडेकर सरांना विचारले. ते म्हणाले, "फळ जिवंत असते. बी घे. पदार्थविज्ञानाला आंबा आणि धोंडा सारखेच." दोघेही इतक्या लगेच, इतक्या खात्रीने बोलले की तिला दोघांचाही संशय आला. देठाजवळ इतक्या लवकर पिवळा झालेला आंबा बापाने आधी बाजूला काढला असता.

त्यातच कॉलेजच्या जिन्यात तिच्या कानावर आले होते की बी गटाला मुले कमी पडत आहेत, आणि यंदा आणखी कमी झाली तर प्राचार्य तो बंद करतील. ते ऐकल्यावर कोतवडेकर सरांच्या खात्रीला एक वेगळा वास येऊ लागला.

मेच्या पहिल्या आठवड्यात कोतवडेकर सर आपणहून पावसला आले. भाट्याची खाडी तरीच्या होडीने ओलांडून, पुढे एस.टी.ने आणि राहिलेला चढ पायी. बारीक, चष्मेवाले, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी ओटीवर बसून आंबा खाल्ला, बरा आहे म्हणाले, आणि मग विचारले, "हा कुठल्या झाडाचा?"

अहमद मुकादमांच्या भुवया किंचित वर गेल्या.

सर पुढे म्हणाले, "कलमे एकूण किती आहेत? कातळावर किती, मातीत किती? बाग राखतो कोण?"

इशरत दाराआड उभी होती. तिला बापाचा आवाज कोरडा झालेला ऐकू आला. "झाडं हायत अल्लाच्या मेहेरबानीनं. राखायला माणूस हाय."

सर बाग पाहून आले. जाताना त्यांनी इशरतला पिशवीतून दोन थर्मामीटर काढून दिले. "प्रयोगशाळेचे आहेत. फोडू नकोस. एक कातळाजवळ, एक गवताजवळ. दुपारी वाच." आणि मग जरा घाईने, "बी घेणार आहेस ना?"

ती म्हणाली, "अजून ठरलं नाही, सर."

ते गेल्यावर फुफी पदर खोचून पुढे आली. "मास्तर आंबा खायला आला होता का झाडं मोजायला? मी खिडकीतून बघत होते. पायरी आंब्याच्या झाडाशी उभा राहून बोटांवर मोजत होता."

"झाडाची जात विचारली असतीन तर समजलो असतो," अहमद मुकादम म्हणाले. "'राखतो कोण' ता कशाला विचारलान?"

हा प्रश्न त्या वर्षी साधा नव्हता. कुळकायदा आणखी कडक होऊन येतो आहे, कसेल त्याची जमीन होणार, अशी बोलवा होती. त्या भीतीने आसपासचे काही जमीनमालक कुळांना गोडीत नाहीतर जोरात बाजूला करत होते. मोजणीदार येत, खुंट्या मारत, आणि खुंट्यांमागोमाग भांडणे येत. मुकादमांच्या बागेचा राखणदार रावजी बागेखालचा भाताचा तुकडा बापापासून कसत होता. अहमद मुकादम त्या तुकड्याबद्दल रावजीशी एक शब्द बोलले नव्हते. न बोलण्याचा अर्थ त्यांच्या मनात एक होता, आणि रावजीच्या मनात दुसरा.

"मास्तर सरकारी तर नसंल?" फुफीने विचारले.

"कॉलेजचा हाय," इशरत म्हणाली.

"कॉलेज कुणाचा हाय?"

इशरत थर्मामीटर घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. बागेचा वरचा भाग उघड्या कातळावर होता, तिथली कलमे सुरुंगाने फोडलेल्या खड्ड्यांत लावलेली. खालच्या भागात माती होती आणि झाडाखाली वाळके गवत. काढलेले आंबे नेहमी कातळावर ढीग करून ठेवत, आणि ऊन उतरल्यावर गडी करंड्या भरून घरी आणत. तिच्या मनात एक शंका होती. दुपारी कातळावर अनवाणी पाय ठरत नाही. मग त्याच्यावर टेकलेला, नाहीतर त्याच्या हातभर वर लोंबणारा आंबा काय सोसत असेल?

तिने काठ्या तासून घेतल्या. काही कातळाच्या फटीत रोवल्या, काही खाली गवतात. फाटक्या लुगड्याची पट्टी बांधून त्यांच्यावर पाळीपाळीने थर्मामीटर अडकवले. मग खालच्या फांद्यांवरच्या आंब्यांच्या देठांना दोरे बांधले, कातळावर लोंबणाऱ्यांना लाल, गवतावर लोंबणाऱ्यांना पांढरे. दोऱ्यासकट काढायचे, वेगळ्या अढ्यांत पेंढ्यात घालायचे आणि पिकल्यावर कापायचे. हे सगळे तिने कुणाला सांगितले नाही. सांगावे लागेल असे तिला वाटलेच नाही.

दोन-तीन दुपारी तिने पारा वाचला. कातळाकडचा पारा इतका वर होता की तिने तो पुन्हा वाचला. चौथ्या दिवशी ती वर गेली तर कातळाच्या फटी रिकाम्या होत्या. काठ्या नाहीत, पट्ट्या नाहीत, थर्मामीटर नाहीत. फांद्यांवर लाल दोरा नव्हता, पांढरा नव्हता आणि ते आंबेही नव्हते. देठ तेवढे मोडलेले, चीक अजून ओला.

ती तिथेच खाली बसली. हाताला कातळ भाजला तेव्हा उठली.

कोण असेल? आंबे चोरीला गेले म्हणावे तर वरच्या फांद्यांवरचे मोठे आंबे तसेच होते. चोर निवडून दोऱ्याचेच आंबे का नेईल? कुणी तरी तिचा प्रयोगच उचलून नेला होता. पदार्थविज्ञानाच्या सरांचे नावही क्षणभर मनात आले, आणि तिला स्वतःचे हसू आले. मग तिने बापाचा विचार केला. साका कळू नये असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. कळावा असे वाटण्याचे मात्र होते. शेवटी उरला रावजी. बागेत त्याच्याशिवाय कुणी फिरकत नसे.

बापाला सांगितले तर रावजीची राखण गेली असती, आणि राखणीबरोबर कदाचित भाताचा तुकडाही. ती घरी काही बोलली नाही. ऊन उतरायच्या आत रावजीच्या खोपीवर गेली.

रावजी दारात सुंभ वळत बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिले आणि हात थांबवले नाहीत. बोलली ती त्याची बायको सखू.

"ये बाय. गरिबाच्या दारात आलीस, बस. पण आंबा मागू नको हां. आमच्याकडं आंबा नाय."

"मी आंबा मागायला नाही आले."

"मग झडती घ्यायला आलीस? घे. मडकी तीन हायत, तीन्ही उघडून बघ."

"सखू, मी काय बोलले का तुला?"

"बोलायला कशाला हवा? दोरे बोलले ना!" सखूने झाडू टाकला. "इतकी वर्सं पडीचा आंबा उचलतो आम्ही. तुझ्या आज्यान सांगितलान, पडीचा आंबा रावजीचा. आज दोरे बांधलेत ते कुणाच्या पोटासाठी? पीराचा दोरा हाय म्हणे. जो खाईल त्याचा पोट फुगंल."

इशरतला आधी काही कळेना. मग कळले. कोकणात राखण बांधतात. फणसाला, नारळाला, काजूला भगताकडून नाहीतर दर्ग्यातून मंत्रलेला दोरा आणून बांधला की झाड राखले जाते, चोराला बाधा होते. तिने लहानपणापासून असे दोरे पाहिले होते. स्वतः बांधताना ते एकदाही मनात आले नव्हते.

"ते राखणीचे दोरे नव्हते," ती म्हणाली. "खुणेचे होते. कुठला आंबा कातळावरचा, कुठला गवतावरचा, ते ओळखायला."

"आणि खुंट्या?" रावजीने प्रथमच तोंड उघडले. "खुंट्या पण आंबा ओळखायला? खुंटी मारली की जमीन जाते. माझ्या बापसान बघितलान, मी बघितलंय."

"खुंट्या ऊन मोजायला होत्या."

रावजी हसला. तो आनंदाने हसला नव्हता. "ऊन मोजतात होय? ऊन कुणाच्या नावावर चढवणार?"

"रावजी, देवाशपथ सांगते."

"कुठल्या देवाची?" सखू म्हणाली.

"तुला पटेल त्या."

सखूला यावर हसू आले आणि ते तिने पदराने झाकले. रावजी उठला. खोपीच्या आढ्यातून पेंढ्याची एक गुंडाळी काढली, आणि त्यात बाळ गुंडाळावे तसे गुंडाळलेले दोन्ही थर्मामीटर तिच्या पुढे ठेवले. एकही फुटलेला नव्हता.

"घेऊन जा. यात पारा हाय. पारा कशाकशाला वापरतात ता आमाला म्हाईत हाय. घरात नको."

"आणि आंबे?"

"भरतीच्या पाण्यात सोडले. दोऱ्याची वस्तू घरात ठेवत नाय कुणी."

तिने थर्मामीटर उचलले. सगळे पुन्हा एकदा समजावून सांगितले. रावजीने ऐकून घेतले, मान हलवली, आणि त्याचा एका शब्दावर विश्वास बसला नाही हे तिला स्पष्ट दिसले. त्याच्या जागी तिचाही बसला नसता.

त्या दिवसापासून रावजीने एक नवीन रीत धरली. काढलेला आंबा कातळावर टेकवायचा नाही. झेल्याच्या जाळीतून उतरला की करंडीत, करंडी भरली की लगेच खालच्या फणसाच्या गर्द सावलीत, आणि तिथे सखू पहाऱ्याला. गडी कुरकुरले. रावजी म्हणाला, "उन्हात ढीग पडला की त्यातला आंबा हलतो आणि नाव माझा होतो. आता सगळा सगळ्यांच्या डोळ्यासमोर." इशरत दिसली की तो मोठ्याने म्हणे, "बघ बाय, दोरा नसताना पण राखतो आम्ही."

इशरतच्या प्रयोगाचे त्यामुळे वाटोळे झाले. कातळावर ठेवलेला आंबाच उरला नाही तर सावलीतल्या आंब्याची तुलना करायची कशाशी? कातळावर ढीग ठेव, असे तिने सांगितले असते तर तो आणखी काहीतरी समजला असता.

सावलीतल्या करंड्यांची पहिली अढी पिकली तेव्हा अहमद मुकादम पडवीत सुरी घेऊन बसले. पहिला आंबा चोख. दुसरा चोख. ते कापत गेले आणि त्यांचा चेहरा अवघडत गेला. त्यांना इतके चांगले निघणे पटत नव्हते. त्यांनी अढीच्या तळातला आंबा काढायला लावला. तोही केशरी, बाठ्यापर्यंत.

"काय झाला काय यंदा?" फुफी म्हणाली. "गुरांची टोपली रिकामी!"

इशरतने तेव्हा सांगितले. दोरे, खुंट्या, रावजीची सावली, सगळे. बापाने मधे एकदाही अडवले नाही. शेवटी त्यांनी सुरी पुसली आणि मांडीवर थाप मारली.

"म्हणजे कातळाची धग! आमच्या बापजाद्यांना कळला नाय ता रावजीच्या रागान कळला. आंबा सावलीत ठेवायचा, बस्स." ते खरोखर आनंदले होते. मग त्यांचा आवाज हलका झाला. "शाबास, इशरत. कळला की नाय? कळला."

आणि ते थांबले. काय बोललो ते त्यांच्याही ध्यानात आले. ओटीवरच्या बैठकीतला शब्द दोघांच्या मध्ये येऊन बसला. कळला की घरी.

"अजून नक्की नाही, अब्बा," इशरत म्हणाली.

"अढीभर आंबे कापले, एकात साका नाय, आणि नक्की नाय?"

"यंदा वारं वेगळं होतं. आंबे जरा लवकर काढले. एका मोसमावर..."

"आता कारणा काढू नको," ते म्हणाले. रागावून नव्हे, पण म्हणाले.

त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि जागेपणी तिने स्वतःलाच उजेडाकडे धरून पाहिले. नक्की नाही असे आपण म्हणतो ते खरेच नक्की नाही म्हणून, की नक्की झाले तर शिक्षण संपेल म्हणून? कोतवडेकर सरांना वर्ग वाचवायचा होता, म्हणून त्यांचा सल्ला तिने संशयाने घेतला. मग स्वतःच्या शंकेला सूट का द्यायची? शेवटी तिला वाटले की उत्तर मनात शोधून मिळणार नाही, ते आंब्यातच मिळेल. सगळे आंबे कापून झालेले नव्हते.

मेच्या शेवटी सर थर्मामीटर परत न्यायला आले. ओटीवर बसले. इशरतने थर्मामीटर दिले, झालेले सगळे सांगितले आणि मग जे विचारायचे ते सरळ विचारले. आत सुरीचा आवाज थांबला होता, बाप ऐकत होते हे तिला ठाऊक होते.

"सर, बी गटाला मुलं कमी आहेत. वर्ग बंद होईल म्हणून मला बी घ्यायला सांगताय का?"

सरांनी चष्मा काढला. तो स्वच्छच होता, तरी पुसला.

"वर्ग बंद होईल हे खरं आहे. मला कदाचित दुसरीकडे जावं लागेल, हेही खरं," ते म्हणाले. "तू यावीस असं मला त्यामुळे जास्त वाटतं, हेही नाकारत नाही. पण ते माझं. तू आंब्याचं विचार."

"आंब्याचंच विचारते. साक्यासाठी ए घेऊ की बी?"

"महिन्यापूर्वी मी बी म्हणालो होतो." ते थांबले. "आता तूच सांग. तुला काय येत नाही?"

तिने विचार केला. आंबा कापायचा कसा, अढीत रोज काय बदलतो, कुठल्या झाडाचा देठ कधी सुकतो, हे या घरात तिला पाहून ठाऊक होते. ते उरलेलेही इथे पाहता आले असते. पण कातळातून आंब्याच्या बाठ्यापर्यंत ऊब जाते कशी, किती वेळात, आणि बाहेरची साल शाबूत राहून आतच का नासते, ते आकडे हातात आले असूनही तिला मांडता आले नव्हते. तिथे पुढे भिंत होती.

ती काही बोलायच्या आत अहमद मुकादम ओटीवर आले. त्यांच्या एका हातात सुरी होती, दुसऱ्यात आंबे. पायऱ्यांशी रावजी करंडी उतरवत होता, तोही थबकला. दारातून फुफीने हळूच हाक मारली, "भाई, आत कापा."

"कशाला आत?" ते म्हणाले आणि सरांसमोर पाटावर बसले. "मास्तर, या घरात पाहुण्यासमोर आंबा कधी कापला नाय. आज कापतो. आता आमच्या आंब्यात साका नाय. माझ्या पोरीन शोधून काढलान."

त्यांनी सुरी देठाकडून घातली, बाठ्याला लावून खाली आणली आणि फाक उघडली.

आत पांढुरका, भुसभुशीत डाग होता. रुपयाएवढा.

फुफीने तोंडावर हात घेतला. "या अल्ला, पाहुण्यासमोर!"

"सावलीतलाच होता हां, मालक!" रावजी पायरीवरून ओरडला. "सखू साक्षीला हाय. टेकवलेला नाय कातळाला!"

अहमद मुकादमांचा चेहरा उतरला होता. सर मात्र चष्मा चढवून इतके पुढे वाकले की नाक फाकीला लागायची वेळ आली. "कुठल्या झाडाचा? खालच्या फांदीचा की वरच्या?"

"परत झाड विचारतो," फुफी पुटपुटली.

अहमद मुकादमांनी मुलीकडे पाहिले. "सावलीत ठेवलेला. मग धरला कसा?"

"माहीत नाही. झाडावर असतानाच धरला असेल. कातळावर लोंबत असताना. किंवा आणखी काही असेल."

"माहीत नाय म्हणतेस आणि हसतेस?"

आपण हसतो आहोत हे इशरतला ठाऊक नव्हते. तिने ओठ मिटले. हा आंबा तिला हवा तसा निघाला होता, म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता.

"दुसरा कापा, अब्बा. त्याच अढीतला. मी नाही निवडणार, तुम्हीच निवडा."

त्यांनी निवडला, दाबला, हुंगला, कापला. केशरी. पार बाठ्यापर्यंत.

"म्हणजे?"

"म्हणजे थोडं कळलं. सगळं नाही."

अहमद मुकादम दोन्ही आंब्यांकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "आणि सगळा कळायला कुठला वर्ग घ्यावा लागतो?"

"ए," इशरत म्हणाली. "झाडं दाराशी आहेत. गणित दाराशी नाही."

फुफीचा श्वास मोठ्याने ऐकू आला. "म्हणजे डॉक्टरीण नाय? मी आता भाट्यापर्यंत काय सांगू?"

"मास्तर," अहमद मुकादम वळले, "तुमचा वर्ग बुडतोय आणि तुम्ही मान डोलावताय?"

"मान नाही डोलावली," कोतवडेकर सर म्हणाले. "आंबा गिळला." त्यांनी दुसऱ्या आंब्याची फाक संपवली होती. मग ते इशरतला म्हणाले, "वर्ग राहिला, तर शनिवारी प्रॅक्टिकलला मागे येऊन बस. हजेरी लागणार नाही. साक्याचा आंबा मात्र घेऊन ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहू."

"त्यात मास्तरांचा काय फायदा?" फुफीने विचारले. या वेळी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"आंबे," सर म्हणाले.

रावजी हसला. अहमद मुकादम हसले नाहीत. ते अजून विचार करत होते. त्यांनी साक्याची फाक उचलून उजेडाकडे धरली, मग रावजीकडे पाहिले, सरांकडे, मुलीकडे.

"हा तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून तर नाय केलात?"

"आंबा कुणी निवडला, अब्बा?"

"मी."

"कापला कुणी?"

"मीच." त्यांनी सुरी उलटसुलट करून पाहिली. संशय घ्यायला आता फारसे कुणी उरले नव्हते. "ही सुरी धुतली होती कुणी?"

"मी धुतली," फुफी म्हणाली, "आणि मला तर डॉक्टरीण हवी होती."

अहमद मुकादमांनी साक्याची फाक गुरांच्या टोपलीत टाकली नाही. पळसाच्या पानात बांधली आणि इशरतच्या हातात दिली.

"पाऊस लागला की खाडीची होडी नीट चालत नाय," ते म्हणाले. "त्याच्याआधी राजिवड्याला जा. आणि हा मास्तर शनिवारी काय काय विचारतो, ता मला येऊन सांग."